५८४ मीटरांचा फसवा दिलासा

१० फेब्रुवारी २००९ रोजी, भारतीय वेळेनुसार रात्री दहा वाजून सव्वीस मिनिटांच्या सुमारास, सैबेरियाच्या उत्तरेकडील तैमिर द्वीपकल्पावर ७८९ किलोमीटर उंचीवर दोन उपग्रह एकमेकांवर आदळले. एक होता अमेरिकेतील इरिडियम कंपनीचा, दूरध्वनीचे संदेश वाहून नेणारा, चालू स्थितीतील 'इरिडियम ३३'. दुसरा रशियाचा 'कॉसमॉस २२५१', १९९३ मध्ये सोडलेला आणि दोनच वर्षांत निकामी झालेला. त्यांचा परस्परसापेक्ष वेग सेकंदाला ११.७ किलोमीटर होता. म्हणजे मुंबईहून सरळ रेषेत पुण्यास दहा-अकरा सेकंदांत पोहोचावे इतका. दोन अखंड उपग्रह अपघाताने एकमेकांवर आदळून नष्ट व्हावेत, ही इतिहासातील पहिलीच घटना. तिच्यातून निपजलेल्या तुकड्यांपैकी दोन हजारांहून अधिक तुकड्यांची पुढे रीतसर नोंद झाली. लहान तुकड्यांची तर गणतीच नाही.

या टकरीपेक्षाही विचार करण्याजोगी गोष्ट तिच्या आदल्या दिवसांत घडत होती. डॉ. टी. एस. केल्सो हे अमेरिकी तज्ज्ञ २००४ पासून एक सार्वजनिक तक्ता चालवीत आले आहेत. कोणता उपग्रह कोणत्या वस्तूच्या किती जवळून जाणार, याचे गणित सर्वांना उपलब्ध असलेल्या कक्षांच्या आकड्यांवरून करून ते त्यात मांडले जाते. त्या दिवशीच्या तक्त्यात इरिडियम ३३ आणि कॉसमॉस २२५१ या जोडीची नोंद होती. दोघे एकमेकांपासून ५८४ मीटरांवरून जातील, असा तो अंदाज होता. त्या तक्त्यात सर्वांत धोक्याच्या म्हणून वर लावलेल्या पहिल्या दहा जोड्यांतही ही जोडी नव्हती. आदल्या आठवड्यातील अंदाज पाहिले तर तेही एका जागी स्थिर नव्हते. कधी अंतर शे-दीडशे मीटर दिसे, तर कधी दीड किलोमीटरांहून अधिक.

मग इरिडियम कंपनीने आपला उपग्रह बाजूला का घेतला नाही, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. त्याचे उत्तर कंपनीच्याच एका अधिकाऱ्याने २००७ मध्ये, म्हणजे अपघाताच्या दोन वर्षे आधी, जाहीरपणे देऊन ठेवले होते. कंपनीच्या साठ-सत्तर उपग्रहांच्या पाच किलोमीटर परिसरात दुसरी एखादी वस्तू येण्याचे सुमारे ४०० प्रसंग दर आठवड्याला घडत. त्यांतील प्रत्येक प्रसंगी उपग्रह हलवायचा म्हटले तर इंधन अकारण खर्ची पडले असते. शिवाय ज्या आकड्यांच्या आधारे तो हलवायचा, त्यांतच किलोमीटरभर चूक संभवत असता, हलविल्याने धोका टळला की ओढवून घेतला हेही सांगता आले नसते. म्हणून कोणीच काही केले नाही. त्यात निष्काळजीपणा होता असे म्हणता येत नाही. मोजमाप करणाऱ्याने मोजले, पाहणाऱ्याने पाहिले, आणि दोन यंत्रे एकमेकांत घुसली.

वेध आणि अंदाज

आकाशस्थ वस्तूंच्या गतीचे गणित मराठी वाचकाला नवे नाही. पंचांगात पुढील वर्षाची ग्रहणे मिनिटामिनिटांपर्यंत छापलेली असतात आणि ती चुकत नाहीत. जे चंद्रासूर्याच्या बाबतीत साधते ते माणसाने स्वतः उडविलेल्या यंत्राच्या बाबतीत का साधू नये? १८०१ च्या जानेवारीत पिआझी या इटालियन ज्योतिर्विदाने सेरेस नावाचा लघुग्रह शोधला. सहा आठवड्यांत तो सूर्याच्या तेजात दिसेनासा झाला. त्या तुटपुंज्या वेधांवरून चोवीस वर्षांच्या कार्ल गाउसने त्याची कक्षा काढली आणि वर्षाच्या अखेरीस त्याने सांगितलेल्या जागेजवळच सेरेस पुन्हा सापडला. प्रत्येक वेधात थोडी चूक असणारच हे गृहीत धरून, सर्व वेधांशी एकंदरीत कमीत कमी विसंगत ठरेल अशी कक्षा शोधण्याची त्याची रीत आजही उपग्रहांच्या मागोव्याचा कणा आहे.

परंतु सेरेसच्या मार्गात हवा नव्हती. पृथ्वीपासून चारशे, सहाशे, आठशे किलोमीटरांवर हवा अतिशय विरळ असली तरी ती आहे, आणि सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाने धावणाऱ्या वस्तूला ती सतत मागे खेचीत असते. हे खेचणे किती, हे त्या वस्तूच्या आकारावर, ती कोणत्या बाजूने वळली आहे यावर आणि सर्वांत अधिक म्हणजे सूर्याच्या लहरीवर अवलंबून असते. सूर्यावर वादळ उठले की वातावरणाचा वरचा थर तापून फुगतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये एकाच प्रक्षेपणात सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी ३८ उपग्रह अशाच एका, तशा मध्यम म्हणाव्या लागणाऱ्या, वादळाने खाली ओढून जाळून टाकले. मे २०२४ च्या मोठ्या सौरवादळात उंची सावरण्यासाठी हजारो उपग्रहांनी जवळजवळ एकाच वेळी आपले प्रेरक चालविले आणि कोण कोठे असेल यासंबंधीची पूर्वीची भाकिते त्यामुळे निरुपयोगी ठरली.

२ एप्रिल २०२२ च्या सायंकाळी, गुढीपाडव्याच्या दिवशी, महाराष्ट्राच्या आकाशातून जळत्या रेषा सरकताना हजारो लोकांनी पाहिल्या, आणि चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावाजवळ सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे येऊन पडले. फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या एका चिनी अग्निबाणाचा तो अवशेष असावा, असा जाणकारांचा निष्कर्ष आहे. वर्षभराहून अधिक काळ तो टप्पा पृथ्वीभोवती फिरत होता व त्याची नोंद वह्यांत होती. तरीही तो कोणत्या शिवारात उतरणार हे आधी सांगणे शक्य नव्हते. एवढ्या वेगात मिनिटभराची चूक म्हणजे जमिनीवर साडेचारशे किलोमीटरांचा फरक.

मागोवा घेण्याचे काम मुख्यत्वे रडार आणि दुर्बिणी करतात. त्यांचे सर्वांत मोठे जाळे अमेरिकेच्या लष्कराकडे आहे. प्रशांत महासागरातील क्वाजालिन बेटावर २०२० मध्ये सुरू झालेले प्रचंड रडार त्याचाच भाग होय. या वेधांवरून तयार झालेली कक्षा जगाला ज्या स्वरूपात मिळते ते पाहण्यासारखे आहे. प्रत्येक वस्तूसाठी दोन ओळी, प्रत्येक ओळीत ६९ अक्षरे व अंक. ही मांडणी पंचकार्डांच्या काळातील आहे. कक्षेचा कल, तिची लंबवर्तुळता, दिवसातील फेऱ्या, हवेच्या ओढीचा एक अंक, असे सारे त्या दोन ओळींत बसविलेले असते. बसविलेले नसते ते एवढेच, की यात चूक किती संभवते. साधारणपणे ही चूक पहिल्याच दिवशी किलोमीटरभर असते आणि दर दिवशी आणखी किलोमीटर-दोन किलोमीटरांनी वाढत जाते. ५८४ मीटर हा आकडा याच ओळींतून निघाला होता. ज्या मोजपट्टीवर सर्वांत लहान खूण किलोमीटरची, तिच्यावर वाचलेले हे मीटर होते. सेकंदाला साडेसात किलोमीटर जाणारी वस्तू ५८४ मीटर ओलांडते ती सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळात, हे लक्षात घेतले म्हणजे त्या दिलाशाची किंमत कळते.

अज्ञान वाढले की धोका कमी

म्हणून या क्षेत्रातील जाणते लोक 'अंतर किती' हा प्रश्न मागे टाकून 'टकरीची संभाव्यता किती' असे विचारू लागले. त्यामागील कल्पना अवघड नाही. उपग्रहाची जागा हा एक बिंदू न मानता तो जेथे जेथे असू शकेल तो सारा प्रदेश म्हणजे एक लंबगोल आहे असे मानायचे. हा लंबगोल गतीच्या दिशेने लांबट ओढलेला असतो, कारण हवेच्या ओढीची चूक उपग्रहाला प्रामुख्याने त्याच्या वाटेवर मागे किंवा पुढे सरकविते. दोन्ही वस्तूंच्या अनिश्चितता एकत्र करायच्या, दोघांच्या आकारांएवढे एक लहान वर्तुळ घ्यायचे आणि त्या वर्तुळात संभाव्यतेचा किती अंश पडतो हे काढायचे. हा अंश दहा हजारांत एक याहून अधिक झाला तर उपग्रह हलवावा, असा दंडक सर्वसाधारणपणे पाळला जातो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकासाठीही हीच मर्यादा आहे.

ही रीत आधीच्या रीतीपेक्षा निःसंशय अधिक शहाणपणाची आहे. परंतु तिच्यात एक विलक्षण खोच आहे आणि ती विद्यार्थ्यांना वहीवर पडताळून पाहता येईल. समजा, दोन उपग्रह ५८४ मीटरांवरून जातील असा अंदाज आहे, आणि दोघांची केंद्रे पाच मीटरांच्या आत आली तर टक्कर होणार. अंदाजातील चूक, म्हणजे संख्याशास्त्रातील प्रमाण विचलन, सर्व दिशांना सारखी आहे असे सोयीसाठी धरू. ती शंभर मीटर असेल तर टकरीची संभाव्यता निघते सुमारे दोन हजार कोटींत एक. म्हणजे निर्धास्त झोपावे. चूक चारशे मीटर असेल तर ती होते ३७ हजारांत एक. येथवर सारे अपेक्षेप्रमाणे आहे, कारण माहिती जितकी कच्ची तितका धोका अधिक. परंतु चूक एक किलोमीटर केली की उत्तर येते ९५ हजारांत एक, आणि दहा किलोमीटर केली की ८० लाखांत एक! माहिती आणखी बिघडली आणि धोका मात्र, कागदावर, उतरला.

चिमूटभर मीठ विहिरीत टाकले तर पाणी खारट लागत नाही. मीठ तेवढेच असते, पाणी वाढलेले असते. तसेच येथे घडते. उपग्रह कोठेतरी एकाच जागी आहे. पसरले आहे ते त्याच्याविषयीचे अज्ञान. ते इतके विस्तीर्ण पसरले की त्या छोट्या वर्तुळाच्या वाट्याला जवळजवळ काहीच येत नाही आणि संगणक हिरवा दिवा दाखवितो. वरील उदाहरणात चूक कितीही धरली तरी संभाव्यता ३७ हजारांत एक याच्या वर जातच नाही. दहा हजारांत एक हा दंडक ती कधीच ओलांडीत नाही. म्हणजे ५८४ मीटर हाच अंदाज हाती असता, आजच्या सुधारलेल्या रीतीनेही त्या रात्री घंटा वाजलीच असती असे खात्रीने म्हणता येत नाही. चूक होती ती गणिताला पुरविलेल्या वेधांत.

याचा अर्थ संभाव्यतेचे गणित टाकून द्यावे असा नव्हे. काही नियंत्रण केंद्रे चुकीचा आकार बदलून पाहतात आणि त्यांतील सर्वांत वाईट उत्तर विचारात घेतात. ते योग्यच आहे. परंतु ज्याला 'धोका कमी आहे' असे सांगितले जाते त्याने तो चांगल्या माहितीमुळे कमी आहे की वाईट माहितीमुळे, हे विचारलेच पाहिजे. वेध चांगले असतील तर प्रसंग जवळ येईल तसा लंबगोल आक्रसत जातो आणि धोका झपाट्याने वाढतो किंवा झपाट्याने नाहीसा होतो. तो आक्रसत नसेल तर लहान आकड्यात सुरक्षितता शोधण्यात अर्थ नाही.

दोन देश, दोन आकडे

२७ नोव्हेंबर २०२० रोजी भारताचा कार्टोसॅट-२एफ आणि रशियाचा कानोपस-व्ही हे दोन्ही कार्यरत उपग्रह एकमेकांच्या जवळून गेले. रशियाच्या अवकाश संस्थेने जाहीर केले की अंतर २२४ मीटर होते. भारतीय अवकाश संशोधन संस्थेचे तेव्हाचे अध्यक्ष के. सिवन यांनी सांगितले की ते ४२० मीटर होते, चार दिवसांपासून त्यावर लक्ष होते आणि अंतर दीडशे मीटरांच्या घरात आले असते तरच उपग्रह हलवावा लागला असता. दोघांनी आपापल्या वेधांवरून आपापले गणित केले, आणि एकाच घटनेचे दोन आकडे निघाले. त्यांत कोण बरोबर, यापेक्षा महत्त्वाचे हे की दोघांपैकी कोणीही आपल्या आकड्यासोबत त्याची चूक किती हे लोकांना सांगितले नाही. दोन चालू उपग्रहांचे मालक दोघेही जागे, दोघांकडे आपल्या यंत्राची नेमकी जागा माहीत, आणि तरीही २२४ व ४२० यांचा मेळ बसू नये, हे बरे लक्षण नव्हे.

वस्तुतः आपल्या उपग्रहाची जागा मालकाला सर्वांत चांगली ठाऊक असते. उपग्रहावरील दिक्‌स्थान यंत्र ती काही मीटरांपर्यंत सांगते. दूरच्या रडारला ती त्यामानाने ढोबळ दिसते. शिवाय मालक उद्या आपला उपग्रह हलविणार आहे, हे रडारला कसे कळणार? ही माहिती मालकाने स्वतः दिली तरच गणित खरे ठरते. २ सप्टेंबर २०१९ रोजी युरोपीय अवकाश संस्थेने आपला वारे मोजणारा इओलस उपग्रह एका स्टारलिंक उपग्रहाच्या वाटेतून दूर केला. टकरीची संभाव्यता वाढत वाढत हजारांत एक याच्याही वर गेली होती. आधी पत्रव्यवहार झाला तेव्हा आकडा लहान होता आणि स्टारलिंककडून उपग्रह हलविण्याचा विचार नसल्याचे कळविण्यात आले. पुढे आकडा वाढल्याची वार्ता त्यांच्या पाळीवरील अभियंत्यापर्यंत पोहोचलीच नाही. सूचना देणाऱ्या यंत्रणेत दोष होता, असा खुलासा कंपनीने केला. म्हणजे त्या दिवशी वेध उत्तम होते, गणित उत्तम होते आणि कच्ची होती ती निरोप्याची व्यवस्था.

स्टारलिंकच्या मालक कंपनीने नंतर हे काम यंत्रांवरच सोपविले आहे. डिसेंबर २०२४ ते मे २०२५ या सहा महिन्यांत तिच्या उपग्रहांनी टकरी टाळण्यासाठी सुमारे १ लाख ४४ हजार वेळा आपला मार्ग बदलला, असे तिने अमेरिकी नियामकास कळविले. सावधगिरी म्हणून हे स्तुत्यच आहे. परंतु मार्ग बदलला की इतरांनी त्या उपग्रहाविषयी काढलेले सारे अंदाज त्या क्षणी शिळे होतात. गर्दीच्या रस्त्यावर एकाने दुसऱ्याला चुकविण्यासाठी अंग चोरावे आणि तिसऱ्याच्या अंगावर जावे, तसा हा प्रकार व्हावयाचा नसेल तर प्रत्येकाने आपला बेत आधी बोलून दाखविला पाहिजे. वाटेवर कोणी कोणाला आधी जाऊ द्यावे, याचा समुद्रावर आहे तसा सर्वमान्य नियम अवकाशात अद्याप नाही.

कायद्याची स्थितीही लंगडीच आहे. १९७८ मध्ये अणुभट्टी असलेला 'कॉसमॉस ९५४' कॅनडाच्या उत्तर भागात कोसळला, तेव्हा १९७२ च्या दायित्व कराराचा आधार घेऊन कॅनडाने भरपाई मागितली आणि १९८१ मध्ये सोव्हिएत संघाने ३० लाख कॅनेडियन डॉलर दिले. जमिनीवरील नुकसानीला हा करार दोष सिद्ध करण्याची अट घालीत नाही. मात्र अवकाशातील नुकसानीला तो ती घालतो. दोष सिद्ध करायचा तर कोण कोठे होता आणि कोणाला काय ठाऊक होते हे दाखवावे लागणार, आणि तो पुरावा म्हणजे हेच वेध. ज्यांत चूक किती ते लिहिलेले नसते, आणि जे बहुतांशी एकाच देशाच्या लष्कराच्या ताब्यात आहेत. २००९ च्या अपघातानंतर त्या देशाने सर्वच देशांच्या कार्यरत उपग्रहांना इशारे देण्यास सुरुवात केली, हे त्याच्या औदार्याचे द्योतक आहे. तथापि औदार्य हा हक्क नव्हे.

भारताची बाजू

भारत या प्रश्नात केवळ प्रेक्षक नाही. २२ ऑक्टोबर २००१ रोजी सोडलेल्या ध्रुवीय उपग्रह प्रक्षेपकाचा चौथा टप्पा, त्याचे काम संपल्यावर दोन महिन्यांनी, १९ डिसेंबर रोजी कक्षेतच फुटला आणि तीनशेहून अधिक तुकडे झाले. टाकीत उरलेले इंधन हेच अशा स्फोटांचे नेहमीचे कारण असते. त्यानंतरच्या उड्डाणापासून काम झाल्यावर उरलेले इंधन सोडून देण्याची व्यवस्था त्या टप्प्यावर करण्यात आली. २०२४ च्या जानेवारीत एक्स्पोसॅट या उपग्रहासोबत गेलेला चौथा टप्पा तर साडेतीनशे किलोमीटरांच्या कक्षेत खाली आणून, त्यावर काही प्रयोग करून, मार्चमध्ये वातावरणात जळू देण्यात आला. ही प्रगती सांगण्यासारखी आहे. २७ मार्च २०१९ रोजी भारताने आपलाच एक उपग्रह क्षेपणास्त्राने फोडला, हेही सांगितले पाहिजे. त्यासाठी तीनशे किलोमीटरांच्या आतली उंची निवडली गेली आणि बहुतेक तुकडे लवकर खाली आले. चीनने २००७ मध्ये सुमारे ८६५ किलोमीटर उंचीवर केलेल्या अशाच चाचणीचे तीन हजारांहून अधिक नोंदलेले तुकडे झाले व त्यांतील मोठा भाग अजून फिरतो आहे, त्याच्याशी तुलना केली तर भारताची निवड विचारपूर्वक होती. तरीही काही तुकडे अंतराळ स्थानकाच्या कक्षेच्या वर उडाले, आणि स्फोटाच्या तुकड्यांनी कोठे जावे हे फोडणाऱ्याच्या हाती नसते, एवढे त्यातून दिसले.

१४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ चे उड्डाण ठरलेल्या क्षणापेक्षा चार सेकंद उशिरा झाले. वर जाताना वाटेत येणाऱ्या एका वस्तूशी टक्कर संभवत होती, ती टाळण्यासाठी हे चार सेकंद पुरेसे होते. त्याच वर्षात भारताने आपले उपग्रह २३ वेळा बाजूला घेतले. त्यासाठी अमेरिकेकडून आलेले एका लाखाच्या घरातील इशारे बंगळुरूच्या केंद्रात चाळावे लागले. तेथे प्रत्येक इशाऱ्याची भारताच्या स्वतःच्या अधिक नेमक्या माहितीशी पुन्हा तपासणी होते आणि बहुतेक इशारे गळून पडतात. आपल्या उपग्रहाची माहिती नेमकी आहे. समोरून येणाऱ्या निकामी तुकड्याची मात्र दुसऱ्याच्या रडारवरूनच घ्यावी लागते. श्रीहरिकोटा येथे अनेक वस्तूंचा एकाच वेळी मागोवा घेणारे रडार आहे, परंतु एका जागेवरून आकाशाचा थोडाच भाग आणि दिवसातील थोडाच वेळ पाहता येतो. २०१९ मध्ये हाती घेतलेल्या 'नेत्र' प्रकल्पात रडार आणि दुर्बिणी यांचे जाळे उभारण्याची योजना आहे. अशा कामांचा पैसा मंजूर करताना, उपग्रह सोडण्याचे जे कौतुक होते त्याच्या शतांशही पाहत बसण्याचे होत नाही, हा अनुभव आहे. परंतु सोडलेला उपग्रह टिकवायचा तर लंबगोल लहान करावा लागतो, आणि तो लहान होतो तो केवळ अधिक वेधांनी.

सहकार्याने काय साधते याचेही एक उदाहरण भारताच्याच खात्यावर आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये चंद्राभोवती फिरणारे चांद्रयान-२ आणि अमेरिकेचे चांद्र सर्वेक्षण यान चंद्राच्या उत्तर ध्रुवाजवळ एकमेकांच्या फार जवळ येणार असे दोन्ही देशांच्या गटांना आठवडाभर आधी दिसले. दोघांनी आपापले आकडे एकमेकांपुढे ठेवले, ते जुळले, आणि १८ ऑक्टोबरला चांद्रयान-२ ने आपली वाट बदलली. तेथे २२४ आणि ४२० असा प्रकार झाला नाही.

अर्थात ज्यांना हलताच येत नाही त्यांच्यापुढे सहकार्याचाही उपाय चालत नाही. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी अमेरिकेचा 'टाइम्ड' हा वातावरणाचा अभ्यास करणारा उपग्रह आणि रशियाचा निकामी 'कॉसमॉस २२२१' एकमेकांपासून दहा मीटरांहूनही कमी अंतरावरून गेले. दोघांपैकी एकालाही मार्ग बदलण्याची सोय नव्हती. नियंत्रकांच्या हाती आकडे पाहत बसणे एवढेच होते. डोनाल्ड केस्लर आणि बर्टन कूर-पाले या दोघा शास्त्रज्ञांनी १९७८ मध्येच दाखविले होते की अशा टकरींचे तुकडे नव्या टकरींना कारण होतील आणि पृथ्वीभोवती कचऱ्याचा पट्टाच तयार होईल. युरोपीय अवकाश संस्थेच्या २०२५ मधील अहवालाप्रमाणे सुमारे ४० हजार वस्तूंचा मागोवा घेतला जातो. त्यांत चालू उपग्रह सुमारे ११ हजार. एक सेंटिमीटरहून मोठे तुकडे मात्र बारा लाखांहून अधिक असावेत असा अंदाज आहे. त्यांतील बहुतेक रडारला दिसत नाहीत आणि म्हणून कोणत्याही तक्त्यात नाहीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये तीन चिनी अंतराळवीरांना परतीच्या यानाच्या खिडकीस बारीक तडे गेल्याचे आढळल्यामुळे मुक्काम वाढवावा लागला आणि अखेर दुसऱ्या यानातून उतरावे लागले. अशा सूक्ष्म तुकड्याचा इशारा कोणीही, कोणालाही दिलेला नसतो.

२००९ च्या टकरीचे पुष्कळ तुकडे आजही त्याच उंचीच्या आसपास फिरत आहेत. त्यांतील प्रत्येक नोंदलेल्या तुकड्याच्या दोन ओळी वारंवार नव्याने लिहिल्या जातात. वस्तूच्या क्रमांकासाठी त्यांत पाचच अंकांची जागा आहे, आणि वस्तू इतक्या वाढल्या आहेत की ती अपुरी पडण्याची वेळ जवळ आली आहे. त्यासाठी नवी मांडणी तयार झाली आहे. जुन्या ६९ अक्षरांच्या ओळी मात्र अद्याप जगभर वापरात आहेत, आणि चूक किती याचा रकाना त्यांत अजूनही नाही.